भोवऱ्यातला खोकला

दवाखान्याच्या एक्स-रेच्या खोलीत जी बाई होती, तिला पेशंट लोक फोटोवाली म्हणायचे. शर्ट काढा, हनुवटी वर, खांदे पुढे, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. झालं, पुढचा. दिवसातून पन्नास वेळा हेच, आणि अशी बावीस वर्षं. घरात ती ताई. रात्रीचे दहा वाजून गेले की धाकट्या भावाच्या तोंडी घुबडताई, कारण लोक अंथरुणं घालायला लागले की ही बाई मफलर गुंडाळून गच्चीवर निघायची. दिवसभर माणसांच्या आतले फोटो काढून हिचं मन भरत नव्हतं, म्हणून रात्री आकाशाचे काढायची.

भाऊ वेल्डर. ग्रिलं, गेटं, जिने असली कामं. आई-वडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा ताई एकोणीसची आणि हा अकराचा. त्याचा अभ्यास, त्याचं आजारपण, त्याचा मार, सगळं तिच्या हातचं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "एक कार्टं वाढवलं, तेवढं बास." ते कार्टं आता छत्तीस वर्षांचं झालं होतं. त्याला बायको आली, खालच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार, वरच्या एका खोलीत ताई.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्याही वर भावानं तिला एक मचाण बांधून दिलं होतं. लोखंडी अँगल, वर जाळी, मधोमध जाड पाइप, त्या पाइपावर दुर्बीण. रस्त्यावरचे दिवे तिथं डोळ्यात जात नाहीत, समोरच्या इमारतीची भिंत आडवी येत नाही. मचाण असं मजबूत की हत्ती चढवा. पण एक गोम राहिली. दुर्बिणीचा पाइप मचाणाला जोडायचा नाही, खालून वेगळा आणायचा, असं ताईनं चार वेळा सांगितलं होतं. हा कसला ऐकतोय? "तू आपले फोटो काढ. लोखंडातलं मला शिकवू नकोस." केला की जॉइंट! आता मचाणाच्या एका कोपऱ्यात कुणी मांडी बदलली तरी दुर्बिणीला कळायचं. तेव्हापासून नियम पडला. कॅमेरा चालू असताना वर बसलेल्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

"तुझ्याकडं दवाखान्यात पण श्वास धरा, आणि घरी पण श्वास धरा," भाऊ म्हणायचा. "माणसानं श्वास घ्यायचा तरी कुठं?"

त्या वर्षी थंडी सरता सरता ताईनं एकच काम हातात घेतलं होतं. सप्तर्षींच्या शेपटीचा शेवटचा तारा आहे ना, त्याच्या जरा खाली एक दीर्घिका आहे. अब्जावधी तारे, मोरीच्या भोकातून पाणी गरगरत जातं तसे गरगरलेले. दुर्बिणीला डोळा लावला तर दिसतं काय? काचेवर 'हाऽ' करून सोडलेला श्वास. तेवढाच पांढुरका डाग. पण कॅमेऱ्यानं नेटानं उजेड गोळा केला की त्या डागाला हात फुटतात, हातांना गाठी येतात, आणि एका हाताच्या टोकाला एक छोटी दीर्घिका लटकलेली दिसते. भाऊ तिला भोवरा म्हणायचा. पहिल्यांदा पडद्यावर पाहिला तेव्हा त्यानं बोट ठेवलं होतं. "ही मोठी तू. आणि हा मी. बखोटं धरून शाळेत नेतीयेस."

असला फोटो एका झटक्यात निघत नाही. तीन मिनिटांची एक फ्रेम, अशा दोनशे. त्या सगळ्या एकावर एक रचायच्या. जे खरं आहे ते प्रत्येक फ्रेममध्ये असतं, ते रचत गेलं की उजळत जातं. बाकी सगळा कचरा आपोआप पुसला जातो. पण कॅमेऱ्याच्या पोटात काही ठिपके असे असतात की ते विनाकारण चमकतात, अगदी ताऱ्यासारखे. त्यांना कसं ओळखायचं? त्यासाठी प्रत्येक फ्रेम झाली की दुर्बीण केसभर सरकवायची. एकदा डावीकडे, एकदा खाली, कशीही. खरा तारा फोटोत जागा बदलतो. खोटा ठिपका ढिम्म, होता तिथंच बसून राहतो.

ही अक्कल ताईला फुकट आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिला एका दीर्घिकेत नवा तारा सापडला होता. आकाश बघणाऱ्यांचा एक गट होता, त्यात तिनं आनंदानं कळवलं. गल्लीत पेढे वाटायचेच तेवढे राहिले. गटातल्या एका रिटायर क्लार्कनं एकच प्रश्न विचारला. "सरकवून पाहिलं का?" नव्हतं पाहिलं. नवा तारा कॅमेऱ्याच्या पोटातला निघाला. महिनाभर भाऊ जेवताना भाताचं शीत उचलून विचारायचा, "ताई, हा नवा का? सरकवून पाहू?"

तेव्हापासून हे सरकवायचं काम भावाचंच. दुर्बिणीचं यंत्र जुनं, ते हातातल्या बटणानंच सरकायचं. ताई खाली जिन्याच्या तोंडाशी लॅपटॉप घेऊन बसायची, हा वर मचाणावर घोंगडी पांघरून. फ्रेम संपली की ती ओरडायची, "सरकव!" वरून उत्तर यायचं, "सरकवलं!" शेजारच्या काकूंनी एकदा भावाच्या बायकोला विचारलंच, "अगं, रोज रात्री तुमच्याकडं कपाट कुठं सरकवतात?"

आणि अजून एक काम त्याचं होतं. पहाटे दव पडायचं म्हणून कॅमेरा काढून आत न्यायला लागायचा, आणि दुसऱ्या रात्री तो परत त्याच कोनात बसवावा लागायचा. जरा तिरका बसला की आधीच्या फ्रेमांशी जुळत नाही. भाऊ नुसत्या नजरेनं अचूक बसवायचा. ताई कितीदा म्हणाली असेल, "अरे, तिथं एखादी खूण करून ठेव ना."

"खूण कशाला? मी आहे ना."

तर असं सगळं चाललेलं. आणि भाऊ खोकायला लागला.

"धूर जातो गं," तो म्हणायचा. "वेल्डर खोकणार नाही तर काय गाणार?"

महिना झाला. खोकला जाईना. ताई म्हणाली, एक फोटो काढू.

"हात दाखवून अवलक्षण कशाला? जाईल सुंठीवाचून."

"सुंठीवाचून जायचा असता तर कधीच गेला असता. ऊठ."

सकाळी गर्दी व्हायच्या आत तिनं त्याला एक्स-रेच्या खोलीत उभं केलं. डॉक्टरांना विचारून, चिठ्ठी घेऊन, रीतसर. सगळ्यांना म्हणते तेच म्हणाली, त्याच आवाजात. मोठा श्वास घे. धर. पहिल्यांदा त्याला धरता आला नाही, खोकला. दुसऱ्यांदा धरला.

पडद्यावर फोटो आला. उजव्या बाजूला, वरून तिसऱ्या बरगडीच्या मागं, वाटाण्याएवढा एक पांढरा डाग.

ताईच्या मनात पहिला विचार आला तो प्लेटचा. प्लेट म्हणजे ती सपाट पेटी, जिच्यावर फोटो उमटतो. दवाखान्यात तशा चार होत्या, आणि तीन नंबरची बदनाम होती. तिच्यावर धूळ बसायची आणि ती धूळ फोटोत पांढरी उमटायची. मागच्याच महिन्यात त्या प्लेटनं एका प्लंबरच्या खांद्यात खडा दाखवला होता. आणि भावाचा फोटो तीन नंबरवरच निघाला होता.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. शांत माणूस, कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणारा. "प्लेट कुठली?"

"तीन नंबर."

"मग दुसरीवर काढा परत. आत्ताच."

"तो गेला कामावर," ताई म्हणाली. "उद्या काढते."

तो गेला नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता.

आता कुणी म्हणेल, बावीस वर्षं काम केलेल्या बाईला एवढं कळलं नाही होय? कळलं. तिथंच तर सगळी गोम. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर पाच मिनिटांत दुसरी प्लेट लावून मोकळी झाली असती. पण दुसरा फोटो काढला की डाग एक तर असणार, नाहीतर नसणार. काढला नाही तोवर ती धूळच. तिनं बाहेर येऊन त्याला सांगितलं, "प्लेटवर धूळ होती. नीट नाही आला. बघू परत."

"म्हणजे मी देखणा नाही आलो?"

"तू कधी आला होतास?"

हसले दोघं. तो गेला.

मग उद्याचा परवा झाला. डॉक्टर विचारायचे, ताई म्हणायची, लांबच्या साइटवर गेलाय. डॉक्टरांच्या दारात पेशंटांची रांग, ते मान डोलवायचे आणि पुढचा कागद उचलायचे. भाऊ काही विचारतच नव्हता. त्याच आठवड्यात आकाश असं लख्ख निघालं की वर्षातून दोन-चारदाच निघतं, आणि ताईनं स्वतःला त्यात बुडवून घेतलं. आठ दिवसांत तीन रात्री मिळाल्या. तिन्ही रात्री भाऊ मचाणावर.

"तू नको येऊस. थंडी आहे," ती म्हणायची.

"मग सरकवणार कोण? काकू?"

पहिल्या रात्री पन्नास फ्रेमा झाल्या. मधेच वरून खोकल्याचा आवाज आला की ताईच्या पडद्यावरचे तारे थरथरायचे आणि ती फ्रेम बाद. ताईचा पारा चढायला वेळ लागायचा नाही. "अरे, दोन मिनिटं धरता येत नाही का तुला?" वरून बिचारा आवाज यायचा, "धरला होता गं. निसटला."

दुसऱ्या रात्रीपासून तो खोकला आला की घोंगडीत तोंड खुपसायला लागला. तिसऱ्या रात्री तर फ्रेम संपेपर्यंत धरून ठेवायचा, "सरकव" ऐकलं की बटण दाबायचा आणि मग एकदम सगळा खोकून घ्यायचा. मचाणाची जाळी खडखडायची. ताई खाली बसून ते ऐकायची, पुढच्या फ्रेमसाठी थांबायची, आणि घड्याळाकडं बघायची. भावाकडं नाही. घड्याळाकडं.

तिसऱ्या रात्रीनंतर पहाटे चारला भाऊ खाली झोपायला गेला आणि ताई तिच्या खोलीत लॅपटॉप उघडून फ्रेमा निवडायला बसली. चांगल्या एकीकडं, हललेल्या दुसरीकडं. हललेल्यांच्या फोल्डरचं नाव तिनं ठेवलं होतं 'कचरा'. काम डोकं न लावता होतं. उघड, बघ, टाक.

निवडून झाल्यावर तिनं हिशेब लावला, दोनशेला अजून किती कमी. पहिली रात्र, पन्नासातल्या दोन कचऱ्यात. दुसरी रात्र, पन्नासातल्या पाच. तिसरी रात्र, पन्नासातल्या तेरा.

चांगल्या एकशेतीस. अजून सत्तर हव्या.

ती सत्तरच्या आकड्याकडं बघत होती, पण डोक्यात दुसरेच आकडे घुमायला लागले. दोन. पाच. तेरा. वारा नव्हता. तिन्ही रात्री पान हललं नव्हतं. तिनं कचऱ्यातली एक फ्रेम उघडली. प्रत्येक ताऱ्याला एकसारखी वाकडी शेपटी, आणि भोवऱ्याचे दोन्ही हात पुसट. तो उजेड तिकडून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचं जनावर नव्हतं. तीन कोटी वर्षं सरळ रेषेत आला, आणि शेवटच्या तीन मिनिटांत एका वेल्डरच्या खोकल्यानं हलला.

दुसरी उघडली. तिसरी. प्रत्येकीवर वेळ होती. तासाला एक, मग अर्ध्या तासाला, मग दहा-बारा मिनिटांना एक. आणि हे तर जे खोकले निसटले तेवढेच. जे त्यानं धरून ठेवले होते ते कुठं मोजले जाणार?

ताईनं लॅपटॉप बंद केला. खोलीत अंधार झाला तेव्हा तिला त्या रिटायर क्लार्कचा प्रश्न आठवला. भोवऱ्याची प्रत्येक फ्रेम तिनं सरकवून घेतली होती, दीडशेच्या दीडशे. आणि सख्ख्या भावाचा एक फोटो काढला, त्यावर धूळ म्हणून शिक्का मारला आणि सरकवून पाहिलं नाही.

सात वाजता तिनं खालचं दार वाजवलं. भाऊ चहाचा कप घेऊन आला, डोळे चोळत. "काय गं? आता दिवसा पण घुबड?"

"शर्ट घाल. दवाखान्यात चल."

तिचा चेहरा बघून त्यानं कप तिथंच ठेवला.

दवाखाना अजून झाडला जात होता, फरशी ओली होती. तिनं एक नंबरची प्लेट घेतली. उजेडाकडं धरून पाहिली, पुसली, परत पाहिली. त्याला उभं केलं. मग सवयीनं, का मुद्दाम, तिलाही सांगता आलं नसतं, त्याच्या खांद्याला धरून दोन बोटं डावीकडं सरकवलं. तिच्या हाताखाली त्याचा खांदा हलकाच लागला. हा खांदा असा कधी झाला?

"मोठा श्वास घे. धर."

धरला. मचाणावर तीन रात्री सराव झालाच होता.

फोटो आला. तिनं जुना शेजारी लावला. नव्या फोटोत बरगड्या दोन बोटं डावीकडं होत्या. आणि डाग? तिसऱ्या बरगडीच्या मागं. तोही दोन बोटं डावीकडं.

त्या खोलीच्या भिंतीवर पाटी होती. 'रिपोर्ट फक्त डॉक्टर सांगतील.' बावीस वर्षांत ताईनं ती पाटी मोडली नव्हती. लोक रडले, पाया पडले, दमदाटी केली, हिनं तोंड उघडलं नाही. आता भाऊ हातात शर्ट धरून तिच्या मागं येऊन उभा राहिला होता आणि दोन्ही फोटो बघत होता. त्याला बरगड्यांमधलं काही कळत नव्हतं. पण दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले कसे बघायचे हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

"तो ठिपका," तो म्हणाला. "सरकला का?"

ताईनं जुना फोटो नव्याच्या आणखी जवळ ओढला.

"ताई. सरकला का?"

"सरकला," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर."

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. भावानं पडद्यावरच्या दोन्ही डागांवर एकेक बोट ठेवलं.

"म्हणजे प्लेटचा नाही."

"नाही."

"त्या दिवशी मी बाकावरच होतो ना गं?"

"होतास."

"हाक मारली असतीस तर आलो असतो."

"माहितीये."

त्यानं शर्ट घातला. एक बटण चुकलं, एक बाजू वर राहिली. लहानपणी रोज चुकायचं तसंच. ताईनं हात पुढं केला. त्यानं तो हात बाजूला केला, सगळी बटणं परत सोडली आणि स्वतः लावली. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग बाहेर जाऊन त्याच बाकावर बसला.

डॉक्टर आले तेव्हा ताईनं दोन्ही फोटो समोर ठेवले आणि आपण खोटं बोललो ते सांगितलं. वर एक कागद दिला. तारखा, वेळा, दोन, पाच, तेरा.

"हे काय?"

"त्याचा खोकला. कसा वाढला ते."

"एवढं मिनिटामिनिटाचं? कुठून काढलंत?"

"भोवऱ्यातून," ती म्हणाली, आणि मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, आठ दिवसांच्या उशिरानं बहुतेक आभाळ कोसळत नाही. जुना व्रण असेल, गाठ असेल, जंतू असतील. तपासल्याशिवाय मी त्याला नाव देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. पण मला तुम्ही खोटं सांगितलंत. ते परत नको." आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मोठ्या हॉस्पिटलात दोन दिवस राहायचं, सुई घालून तुकडा काढायचा, मग कळेल.

घरी भावाच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही चढवला नाही. "तुम्हाला आई मानतात ते," एवढंच म्हणाली. "म्हणून मी कधी मधे पडले नाही." आणि पिशवी भरायला घेतली. ताई दारात उभी राहिली, कुणी बस म्हणालं नाही. तेही बरोबरच होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर ठक-ठक आवाज येत होता. ताईनं खिडकीतून हाक मारली, "काय करतोयस रे?"

"काही नाही. एक बोल्ट ढिला होता."

दुसऱ्या फोटोच्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला ते हे पहिलंच वाक्य. ती वर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला, बायको बरोबर गेली. संध्याकाळी निरोप आला, सुई झाली, रात्र इथंच, उत्तर यायला चार दिवस लागतील. घर रिकामं. आणि आकाश असं स्वच्छ की राग यावा. ताई अंथरुणावर पडून राहिली, कूस बदलली, पुन्हा बदलली. साडेदहाला उठली, कॅमेरा घेतला आणि शिडी चढून मचाणावर गेली.

कॅमेरा कसा बसवायचा हाच पहिला प्रश्न. नजरेनं बसवणारा तिथं नव्हता. तिनं लाल बॅटरी लावली आणि दुर्बिणीच्या कडेवर चकचकीत काहीतरी दिसलं. लोखंडावर खूण करायचा पंच असतो, टोकदार, हातोड्यानं ठोकायचा. त्याचा एक बारीक ठिपका, ताजा, अजून गंज न धरलेला. तिनं कॅमेऱ्याची कडी फिरवून पाहिली. तिथंही तसाच एक; कडी त्यानं कधी काढून नेली होती कुणास ठाऊक. ठिपक्यासमोर ठिपका आणला आणि कॅमेरा आवळला. कोन बरोबर होता, केसाचाही फरक नाही. आता हे कुणालाही बसवता आलं असतं. तो असो वा नसो.

ताई बॅटरी बंद करून जाळीवर बसून राहिली. घोंगडी तिथंच घडी करून ठेवली होती, तिला लोखंडाचा आणि धुराचा वास येत होता.

मग कामाला लागली. फ्रेम चालू करायला खाली लॅपटॉपशी, सरकवायला वर मचाणाशी. शिडीच्या नऊ पायऱ्या. दोनदा तर सवयीनं खालूनच ओरडली, "सरकव!" आणि उत्तर येईना तेव्हा शिडी चढली. शेजारच्या काकूंच्या खिडकीत दिवा लागला आणि विझला.

वीस फ्रेमा झाल्या. तिनं एकेक उघडून पाहिली. तारे टाचणीच्या टोकाएवढे, गोल. भोवऱ्याचे हात अगदी रेखीव, टोकाला लटकलेली ती छोटी दीर्घिकासुद्धा स्पष्ट. वीसच्या वीस स्वच्छ. कचऱ्यात टाकायला एकही नव्हती.

अजून चार-साडेचार तास अंधार होता. पन्नास फ्रेमा सहज झाल्या असत्या, दोनशे पुऱ्या झाल्या असत्या. ताईनं दुर्बिणीला झाकण लावलं, कॅमेरा काढून मफलरमध्ये गुंडाळला आणि खाली आली. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी लिहिलं, "झोपलास का? वीस झाल्या. पन्नास तुझ्या वाट्याच्या ठेवल्यात."

उत्तर लगेच आलं नाही. ती जिन्यावर बसून राहिली. मग फोन उजळला.

"खोकल्यासकट?"

ताईनं डोळे पुसले, आणि एका बोटानं, चुकत चुकत टाइप केलं.

"खोकल्यासकट ये."